लग्नाचा बस्ता: मेन रोड की मॉल? (नाशिक)

सांगलीची_सून
नमस्कार मंडळी. धाकट्या दिराचं लग्न डिसेंबरात आहे. मुलगी इथलीच, सातपूरची. दोन्हीकडचा बस्ता एकत्र नाशकातच बांधायचं ठरलंय, त्यामुळे सांगलीहून आमची नऊ माणसं दोन दिवसांसाठी माझ्याकडे उतरणार आहेत. आम्ही इंदिरानगरला येऊन दोनच वर्षं झाली. आत्तापर्यंत माझी खरेदी म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान, बाकी सगळं घरपोच. गावात मी फार तर चारदा गेले असेन.

सासूबाई म्हणतात, "मॉलात कुणी बस्ता बांधतं का? गादीवर बसून साड्या बघायच्या असतात." नवरा आणि दीर म्हणतात सिटी सेंटर मॉलला जाऊ. एसी, पार्किंग, एका छताखाली सगळं. दोघेही माझ्याकडे बघतायत आणि मी तुमच्याकडे.

यादी अशी: एक पैठणी, पाच-सहा भारी साड्या, पंधराएक आहेराच्या, नवरदेवाची शेरवानी, चार पोरांचे कपडे, आहेराची भांडी. दागिने सोडून अडीच लाखांत बसवायचंय. आणि हो, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, फार चालणं-चढणं जमत नाही.

भो_नाशिककर
पहिला! आधी मिसळ खाऊन निघा. बाकीचं आपोआप सुचतं भो.

गोदाकाठचा
सासूबाईंशी शंभर टक्के सहमत. बस्ता म्हणजे मेन रोड, विषय संपला.

नवीन आहात म्हणून नकाशा सांगतो. सीबीएस (मध्यवर्ती बसस्टँड) किंवा शालिमारला उतरायचं. शालिमारला चपला-बूट आणि रोजचे कपडे. मेन रोडवर साड्या आणि लग्नाचे कपडे. धुमाळ पॉइंटवरून दहीपुलाकडे वळलात की कानडे मारुती लेन. बांगड्या, खोटे दागिने, पर्सेस, रुखवताचं सटरफटर. रविवार कारंजावर चांदीच्या गणपतीला हात जोडायचे. मग सराफ बाजार, भांडी बाजार, आणि त्यापुढचा उतार थेट गोदावरीत. हे सगळं एका माणसाच्या पायांच्या टप्प्यात आहे. 'एका छताखाली' म्हणणाऱ्यांना सांगा, आमच्याकडे छत नाही एवढंच.

मुंबई_पुणे_नाशिक
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. नाशकात मॉल असा एकच, उंटवाडीचा सिटी सेंटर. बाकीच्यांना मॉल म्हणायचं तर आमच्या सोसायटीच्या क्लब हाऊसलाही म्हणावं लागेल. अडीच लाख खर्च करणार असाल तर एक दिवस पुण्याला विमाननगरच्या मॉलला जा. ब्रँडही जास्त आणि साइझही मिळतात.

भो_नाशिककर
नऊ माणसं घेऊन पुण्याला. जाताना सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण. चाकणच्या ट्रॅफिकमध्येच मुहूर्त टळायचा.

वहिनी_कॉलेजरोड
@सांगलीची_सून, एका जागी सगळं घ्यायचा हट्टच सोडा. मी गेल्या वर्षी भाचीचं लग्न काढलं. साड्या मेन रोड, पुरुषांचे कपडे कॉलेज रोड आणि कॅनडा कॉर्नर, लहान मुलांचे मॉलमधून. लहान मुलांना गादीच्या दुकानात नेऊ नका. अर्ध्या तासात ती साड्यांच्या ढिगावर लोळायला लागतात आणि दुकानदार हसत हसत आपल्याला शिव्या देतो.

भो_नाशिककर
कॅनडा कॉर्नरला जायला व्हिसा लागत नाही, बाहेरगावच्या मंडळींनी नोंद घ्यावी.

शटरवाला
मी अकरा वर्षं मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानांत मॅनेजरकी केली (तीन शहरं, नाशिक त्यातलं एक). आता स्वतःचं छोटं दुकान आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलतो.

मॉलमधल्या दुकानाचं भाडं बहुतेक वेळा असं असतं: ठरलेली किमान रक्कम किंवा विक्रीतला टक्का, जे जास्त असेल ते. वर देखभालीचा आकार वेगळा. हे पैसे कुठून येणार? तुमच्या शर्टातून. म्हणून मॉलमध्ये घासाघीस होत नाही. मॅनेजरच्या हातात काहीच नसतं, किंमत वरून कॉम्प्युटरवर येते. तिथं स्वस्त घ्यायचा एकच मार्ग, सीझन संपतानाचा सेल. जानेवारी आणि जुलै. तुमचं लग्न डिसेंबरात, म्हणजे नेमकं पूर्ण भावाचं मार्केट. जुलैच्या सेलमध्ये पोरांचे आणि जेंट्सचे नेहमीचे कपडे उचलून ठेवलेत तर बरं. (वाढत्या पोरांचे एक साइझ मोठे.)

मुंबई_पुणे_नाशिक यांचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. इथं काही 'मॉल' का पडले? बिल्डरने एकेक गाळा वेगवेगळ्या माणसाला विकला. कुणी गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावलं, कुणी क्लास काढला, कुणी मोबाइल कव्हरं. खाली काय असावं, वर काय असावं हे ठरवायला कुणी मालकच नाही. चार शटर बंद दिसली की गिऱ्हाईक वर चढत नाही. गिऱ्हाईक चढत नाही म्हणून पाचवं शटर बंद. जिथं सगळे गाळे एकाच मालकाकडे असतात आणि भाड्यानेच दिले जातात, तिथं हे होत नाही. वरच्या मजल्यावर खायचं आणि सिनेमा, म्हणजे माणूस सगळे मजले ओलांडून जाणार, हे ठरवून केलेलं असतं. सरकते जिने बघा. एका मजल्यावर उतरलात की पुढचा जिना अनेकदा पलीकडच्या टोकाला. मधली वीस दुकानं तुम्ही बघावीत म्हणून.

गोदाकाठचा
म्हणजे सासूबाईंचे गुडघे तिथंही गेलेच!

शटरवाला
लिफ्ट असते हो काका. कोपऱ्यात लपवलेली असते एवढंच.

सांगलीची_सून
बापरे, इतक्या लवकर इतके प्रतिसाद! शटरवाला, हे माहीत नव्हतं, धन्यवाद.

एक प्रश्न विचारू की नको करत होते, विचारतेच. मेन रोडला चार-पाच तास बसायचं तर बायकांनी जायचं कुठे? घरात सत्तरीच्या दोन जणी आहेत आणि एक सहा महिन्यांची गरोदर नणंद.

वहिनी_कॉलेजरोड
बरं झालं विचारलंत. हाच खरा प्रश्न आहे आणि तो कुणी विचारत नाही. 'मेन रोडची मजा' सांगणारे बहुतेक सगळे पुरुष असतात. माझी आई बस्त्याच्या दिवशी सकाळपासून पाणी प्यायची नाही. मला लहानपणी वाटायचं उपास असतो.

माझा नियम: दुकानात शिरल्यावर आधी विचारायचं, "दादा, लेडीजसाठी सोय आहे का?" आहे म्हणाले तर चपला काढायच्या, नाही म्हणाले तर पुढचं दुकान. मोठ्या दुकानांत बहुतेक असते, पण आपण होऊन दाखवत नाहीत. आधी विचारा, मग बसा. पन्नास हजारांचं गिऱ्हाईक उठून चाललंय म्हटल्यावर किल्ली बरोबर सापडते.

निवांत_नीता
+१००. मॉल मला फक्त याच एका कारणासाठी आवडतो. त्या एसीचं आणि ब्रँडचं कौतुक गेलं खड्ड्यात. स्वच्छ बाथरूम, बसायला बाक आणि कुणी "काय पाहिजे?" विचारत मागं लागत नाही. माझं बाळ लहान असताना मी आठवड्यातून एकदा मॉलमध्ये नुसती फिरायला जायचे. चार महिन्यांत एक रुमाल घेतला असेल.

गोदाकाठचा
वहिनी, मान्य. आम्ही त्या बाजूनं कधी विचारच केला नव्हता. आमच्या घरच्यांना विचारलं, तर "आत्ता कळलं का" असं उत्तर आलं.

कायद्याचं_बोला
अवांतर, पण उपयोगी. कापडी पिशव्या घरून न्या. एका मोठ्या दुकानात माझं सात हजारांचं बिल झालं आणि काउंटरवर वर पिशवीचे बारा रुपये लावले. पिशवीवर त्यांचीच जाहिरात! डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने सांगितलंय की आधी कल्पना न देता ऐन काउंटरवर पिशवीचे पैसे लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मी हे सांगितल्यावर कॅशियर मुलगी म्हणाली, "सर, मागे लाइन आहे." बारा रुपये भरून बाहेर आलो. कायदा माझ्या बाजूने होता, रांग तिच्या.

कामाची गोष्ट: २२ सप्टेंबर २०२५ पासून शिवलेल्या कपड्यावर नगाला २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावर गेलं की १८ टक्के. शेरवानीचा भाव विचारताना "टॅक्स धरून किती?" असंच विचारा. सोन्यावर ३ टक्के.

भो_नाशिककर
कायद्याचं बोला साहेब, बारा रुपयांसाठी ग्राहक आयोगात जायचं ना भो. मी आलो असतो साक्षीला, येण्या-जाण्याचं भाडं तेवढं द्या.

येवल्याचा_विणकर
पैठणी मेन रोडला घ्या नाहीतर मॉलमध्ये, एक काम करा: पदर उलटा करून बघा.

आमच्या घरात तीन पिढ्या माग आहे. हातमागाच्या पैठणीत पदरावरच्या प्रत्येक रंगाची वेगळी कांडी असते आणि रंग जिथं बदलतो तिथं धागे एकमेकांत अडकवून परत फिरवतात. त्यामुळे मोराच्या पाठीचा निळा जिथं संपतो तिथंच मागूनही संपतो. उलटी आणि सुलटी बाजू जवळजवळ सारखी. मशीनच्या मालात मागच्या बाजूला धागे मोकळे लोंबतात किंवा कापलेले दिसतात, हाताला खरखर लागते. काठ नारळी आहे का, पदरावर मुनिया, आसावली, बांगडी-मोर काय आहे, ते सगळं नंतर. नक्षी मशीनलाही काढता येते.

सेमी पैठणी, म्हणजे मशीनची, दोन-तीन हजारांत मिळते आणि ती वाईट नसते, आहेराला उत्तम. फक्त सेमी म्हणून घ्या, सेमीच्या भावात घ्या. नवरीची पैठणी घ्यायची असेल तर येवल्याला या. निफाड, विंचूर करत दोन-अडीच तास. मागावर बसलेला माणूस बघून घेतलेली साडी नवरी जन्मभर सांगते.

मुंबई_पुणे_नाशिक
आणि येवल्यात मशीनचा माल नसतोच का? प्रत्येक दुकानावर 'अस्सल' लिहिलेलं असतं.

येवल्याचा_विणकर
असतो. भरपूर असतो. म्हणून तर म्हणालो, पदर उलटा करा. गाव बघू नका, पाठ बघा.

आजोबा_गंगापूररोड
तुम्ही सगळे साड्यांत अडकलात. भांड्यांचं कोणी बोललं नाही. तांब्या-पितळेसाठी नाशिक प्रसिद्ध आहे आणि लोक आहेराला स्टीलचे डबे देतात!

भांडी बाजारात जा. दुकानात कळशी हातात घ्या आणि उन्हात धरा. हातानं मठारलेल्या भांड्यावर ठोक्यांच्या टिकल्या थोड्या वेड्यावाकड्या असतात, एखादी ओळ चुकलेली असते. साच्यातून काढलेल्यावर सगळ्या टिकल्या एका मापाच्या, जणू छापल्यात. मठारल्यानं पत्रा कडक होतो, म्हणून भांडं पोचत नाही. ते शोभेसाठी नसतं बरं का. माझ्या लहानपणी तांबट आळीत शिरलं की बोलणं ऐकू यायचं नाही, नुसता टाक-टाक-टाक. आता एखाद-दुसऱ्या घरातून येतो आवाज.

भाव किलोवर चालतो, त्यावर मजुरी. तुमच्यासमोर वजन करायला लावा. आणि घरातलं जुनं फुटकं तांबं-पितळ बरोबर न्या, मोडीत घेतात. आहेराचा चौथा हिस्सा माळ्यावरच निघेल. पितळेचं पातेलं स्वयंपाकाला द्यायचं असेल तर कल्हई करून द्या, नाहीतर पोरगी त्यात ताक करेल आणि तुमच्या नावानं बोटं मोडेल.

निवांत_नीता
आजोबा, कल्हई! आमच्या वाड्यात यायचा कल्हईवाला. जमिनीत खड्डा, भाता, नवसागराचा पांढरा धूर आणि कापसाच्या बोळ्यानं एक हात फिरवला की काळं भांडं चंदेरी. आम्ही पोरं शाळेला उशीर करून बघत बसायचो.

गोदाकाठचा
आजोबांनी भांडी बाजार काढलाच आहे तर पावसाळ्याचंही सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये येणार असाल तर आधी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीची बातमी बघा. धरणातून पाणी सोडलं की आम्ही नदीची पातळी मारुतीच्या अंगावर मोजतो. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. वर चढायला लागलं की सराफ बाजारातले लोक माल उचलायला लागतात. २००८ चा पूर मी डोळ्यांनी पाहिला, २०१९ चाही. सराफाच्या दुकानात कमरेएवढं पाणी आणि मालक वरच्या मजल्याच्या खिडकीत चहा पीत बसलेला. नाहीतरी दुसरं काय करणार तो?

भो_नाशिककर
मॉल तरी कुठं वर आहे भो? तोही नासर्डीच्या काठावरच. नाशिककराला नदी सोडून खरेदी जमत नाही.

शटरवाला
नासर्डी नाही, आता नंदिनी म्हणायचं.

भो_नाशिककर
नाव बदललं, वास तोच.

सोनार_गल्ली
धागाकर्तीने दागिने सोडून म्हटलंय, पण मंगळसूत्र तरी घेणारच ना? बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) त्रिकोणी चिन्ह, २२ कॅरेटला ९१६ आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, हे तिन्ही भिंगातून बघा. १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय नवा दागिना विकता येत नाही. तो नंबर 'बीआयएस केअर' ॲपवर टाकला की दागिना कुठल्या प्रकारचा, शुद्धता किती, ते येतं. दागिन्याचा प्रकार जुळतोय ना तेही बघा. नंबर अंगठीचा आणि हातात पेंडंट असं नको. मॉलमधली शोरूम असो की सराफ बाजारातली पेढी, सोन्याचा भाव सगळीकडे जवळजवळ तोच, फरक घडणावळीत. आणि घडणावळीवर घासाघीस होते. शोरूममध्येसुद्धा होते, लाजू नका.

पार्किंगपीडित
सगळं वाचलं. कार कुठे लावायची ते कुणीच सांगितलं नाही. एमजी रोडला मी एकदा पाऊण तास फिरलो, तीन वेळा मेहेर सिग्नल पाहिला आणि घरी जाऊन ऑनलाइन चार्जर मागवला.

वहिनी_कॉलेजरोड
कार नेऊच नका. रिक्षा करा, नाहीतर सिटीलिंकची बस. परत येताना बोचकी असतील तर दुकानदारालाच रिक्षा बोलवायला सांगा. एवढा बस्ता बांधल्यावर त्याचा पोरगा पिशव्या उचलून रिक्षापर्यंत येतो. हे मॉलमध्ये नाही हं, तिथं आपणच ट्रॉली ढकलायची!

मुंबई_पुणे_नाशिक
आणि सिंहस्थाच्या तयारीत रस्ते खणलेले असतील ते वेगळंच. बघा, मी पुणे म्हणत होतो.

गोदाकाठचा
पुण्यात रस्ते खणत नाहीत वाटतं?

सांगलीची_सून
(तीन आठवड्यांनी)
मंडळी, बस्ता बांधून झाला. वृत्तांत द्यायचं कबूल केलं नव्हतं तरी देते, कारण तुमच्यामुळे वाचलो.

शनिवारी मॉल. चार पोरांचे कपडे दीड तासात झाले. सासूबाई फूड कोर्टातल्या खुर्चीवर बसल्या त्या उठल्याच नाहीत. म्हणाल्या, "छान आहे गं. देवळाच्या ओवरीसारखं आहे, कुणी उठवत नाही." दिराने एक शेरवानी बघितली, टॅक्स धरून विचारली आणि हळूच परत टांगली. ती नंतर कॉलेज रोडला घेतली.

रविवारी साडेदहाला मेन रोड. पहिल्या दुकानात "लेडीजसाठी सोय?" विचारलं, तर मुलगा मालकाकडे बघायला लागला. आम्ही वळलो. दुसऱ्या दुकानात सोय होती. जिन्याखाली होती, पण होती. मग गादीवर साडेचार तास. चहा दोनदा. साडी उलगडताना तो सेल्समन मनगट असं काही झटकायचा की अख्खी साडी हवेत पसरून बरोबर सासूबाईंच्या पायाशी पडायची. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. आहेराच्या पंधराऐवजी अठरा झाल्या, आणि पंधराच्या भावात.

पैठणीला गंमत झाली. "प्युअर आहे मावशी" म्हणून त्याने एक मोरपंखी पुढे टाकली. सासूबाईंना मी येवल्याच्या दादांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला होता. त्यांनी काही न बोलता पदर उलटा केला. मागं कापलेल्या धाग्यांचं गवत. तो म्हणाला, "मावशी, उलटी बाजू कोण बघतं?" तर म्हणाल्या, "नेसणारी बघते." मग त्याने आतल्या कपाटातून दुसरी आणली, ती खरी होती पण बजेटबाहेर. तिच्या पाठीवरून सगळ्यांनी एकेकदा हात फिरवला आणि ठेवून दिली. नवरीचे वडील पुढच्या रविवारी आम्हा दोघींना येवल्याला घेऊन गेले. जांभळी, नारळी काठ. यापुढे काही सांगत नाही, लग्नात बघा.

भांडी बाजारात आजोबांच्या सांगण्यावरून माळ्यावरचा जुना बंब नेला होता. सहा किलो भरला. सासूबाईंच्या सासूबाईंचा होता म्हणे. तराजूवर ठेवल्यावर त्यांनी तो परत उचलला आणि घरी आणला. आता तो माझ्या बाल्कनीत आहे.

आजोबा_गंगापूररोड
उत्तम केलंत. चिंच लावून घासा, ऊन पडलं की बघत राहाल.

येवल्याचा_विणकर
नारळी काठ, वा. नवरीला आशीर्वाद सांगा. घडी दर तीन-चार महिन्यांनी मोडा, एकाच घडीवर ठेवली तर जरीची तार तिथंच तुटते.

पार्किंगपीडित
मेन रोडचं ते जिन्याखाली सोय असलेलं दुकान कुठलं? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

निवांत_नीता
मलाही व्यनि.

नवखा_सिडको
मलापण. मार्चमध्ये बहिणीचं आहे.

सांगलीची_सून
तिघांनाही केलाय. आता माझं एक काम करा. शेरवानीची बाही अजून दोन बोटं लांब आहे आणि दुकानाचा मास्तर गावाला गेलाय. इंदिरानगरच्या जवळपास चांगला अल्टरवाला माहीत आहे का कुणाला? बुटाची तळं शिवणारा नको, तो दीर स्वतःच शोधून आला होता.